पहिल्या शंभरातली चौथी

देश म्हणजे काय, या प्रश्नावर लिहिलेल्या ग्रंथांनी माझ्या अभ्यासिकेतली दोन कपाटे भरली आहेत आणि उत्तर अजून हाती आलेले नाही. टेनिस महासंघाच्या सभागृहात मात्र ते भिंतीवरच टांगलेले होते. काळा फलक, त्यावर बारा देशांची नावे आणि प्रत्येक नावापुढे एक तांबडा, लुकलुकणारा आकडा: त्या देशाच्या किती महिला जगातल्या पहिल्या शंभरात आहेत. आमच्यापुढे चार. शेजारी देशापुढेही चार. वरच्या तीन देशांकडे कोणी पाहत नसे, कारण त्यांचे आकडे वाचताना मान दुखते. स्वाभिमानाला सोयीस्कर उंचीचा एक शेजारी पुरतो. पुरुषांचा फलक पलीकडच्या खोलीत होता. तिथे आमच्यापुढे शून्य असल्यामुळे त्या खोलीला कुलूप असे.

मी विद्यापीठात लोकसंख्याशास्त्र शिकवते आणि या महासंघाची मानद सल्लागार होते. वर्षातून एकदा, वार्षिक सभेसाठी, देशोदेशींच्या क्रमवारीचा तौलनिक अहवाल लिहिणे हे माझे काम. दर लाख वस्तीमागे किती मैदाने, किती प्रशिक्षक, दहाव्या वर्षी खेळू लागलेल्या मुलींपैकी विसाव्या वर्षी किती टिकतात, असे मी दरसाल लिहीत असे. अध्यक्ष दरसाल शेवटचे पान उघडून विचारत, "म्हणजे आपण त्यांच्या पुढे की मागे?"

आमच्या त्या चौघींविषयी थोडे सांगायला हवे. पहिली आठव्या वर्षी आईबापांबरोबर परदेशी गेली आणि तिथेच घडली. आमची भाषा तिला दुभाष्यामार्फत कळते. दुसरीचा जन्म, बालपण आणि प्रशिक्षण हे सगळेच दुसरीकडचे. तिला आमचे पारपत्र एका समारंभात, शाल घालावी तसे अर्पण केले गेले. तिसरी खरोखरच इथली, चौतिशीची, गुडघ्यांना पट्ट्या बांधून निव्वळ हट्टाने खेळणारी. आणि चौथी माझ्या ताईची मुलगी. चालायला शिकली तेव्हापासून ती सरळ कधी चाललीच नाही, गिरक्या घेत राहिली, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. क्रमांक त्र्याण्णव.

भिंगरीला घडवण्यात देशाचा वाटा किती, हे मी अभ्यासक म्हणून मोजू पाहिले आहे. तिचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, रॅकेटना तारा ओढून देतात. स्टेशनरीच्या आणि चष्म्याच्या दुकानांमधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचे यंत्र आहे. ताई दंतवैद्याच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा देते. मुलगी बारा वर्षे पहाटे एका कारखान्याच्या भिंतीवर चेंडू मारत होती आणि पहारेकरी तिला दररोज हाकलत होता. ती भिंतही देशाचीच, असे म्हणता येईल. पण मुलगी शंभरात आली, आणि दुसऱ्याच दिवशी देश फुलांचा गुच्छ घेऊन जिना चढून आला.

त्या हंगामाच्या अखेरीस तिचे डावे मनगट गेले. ती उजव्या हाताने खेळते, पण बॅकहँड दोन्ही हातांचा, आणि त्या फटक्याचा सगळा जोर डावा हात देतो. मनगटाच्या कडेने जाणारी, स्नायूला हाडाशी जोडणारी शिर तिच्या खाचेतून निसटत होती. शल्यविशारद बाई मितभाषी होत्या. "आत्ता शिवलं तर सहा महिन्यांत रॅकेट धरशील," त्या म्हणाल्या. "अजून खेळलीस आणि तुटली, तर मी तुला चमचा धरण्यापुरतं शिवून देईन."

इतके स्पष्ट वाक्य मला पुष्कळशा प्रबंधांत आढळलेले नाही.

अडचण होती ती क्रमवारीच्या रीतीची. या खेळात मिळवलेले गुण एक वर्ष टिकतात आणि बरोबर वर्षाने, सोमवारी, गळून पडतात. भिंगरीने गेल्या वर्षी आमच्याच शहरातल्या हंगामातल्या शेवटच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली होती. ते गुण आता गळणार होते. यंदा तिथे निदान दोन सामने जिंकले नाहीत, तर ती शंभराच्या बाहेर, एकशेबाराव्या जागी जाणार होती. आणि महासंघाचा नियम असा, की वार्षिक सभेच्या सोमवारी जी शंभरात असेल तिलाच पुढले वर्षभर महासंघाचे प्रशिक्षण केंद्र, प्रशिक्षक आणि व्यायामोपचार. जी शंभरात नसेल तिच्यासाठी कारखान्याची भिंत होतीच. म्हणजे शस्त्रक्रिया केली, तर त्यानंतर मनगट ज्यांनी पुन्हा उभे करायचे ती माणसेच तिला मिळणार नव्हती.

ताईच्या स्वयंपाकघरात त्यावर संसद भरली.

"खेळायचं नाही म्हणजे नाही," ताई म्हणाली. तिने पातेले इतक्या जोरात ठेवले की झाकण जमिनीवर जाऊन नाचले. "शंभरात राहून काय दिवे लावायचेत? एकशेबारावी पोरगी काय उपाशी मरते?"

"आई, एकशेबारावीला कोण विचारतं?"

"मी विचारते. जेवलीस का म्हणून रोज विचारते."

भिंगरी हसली, आणि हसताना डावा हात तिने मांडीवर, टेबलाखाली ठेवला. "मावशी, तूच सांग हिला. केंद्र नसलं तर शिवलेल्या हाताचं मी करू काय? तो उपचारवाला महासंघाचा, पोहण्याचा तलाव महासंघाचा. बाबांच्या गाळ्यात मला वजनं उचलायला लावणार आहात का?"

"गाळ्यात वजन उचलायला वळलीस तर चष्म्याच्या दुकानात निघशील," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमचं त्या लोकांत वजन आहे. एकदा बोलून तरी पाहा."

मी बोलून पाहिले.

अध्यक्षांच्या दालनात खेळाडूंची छायाचित्रे होती आणि प्रत्येकात अध्यक्ष होते. खंडाच्या टेनिस संघटनेची निवडणूक त्यांना लढवायची होती, आणि 'शेजाऱ्याला मागे टाकणारा अध्यक्ष' हे त्या निवडणुकीचे भांडवल होते. चार विरुद्ध चार झाले तर ज्याची सर्वोत्तम खेळाडू वर तो देश पुढे. आमची पहिली, ती दुभाष्यावाली, त्यांच्या पहिलीपेक्षा वर होती. भिंगरी गळली तर तीन विरुद्ध चार. गणित एवढेच होते. सचिव बाजूच्या खुर्चीवर बसून मान हलवत होते. तो त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता.

"दोन मार्ग आहेत," मी म्हणाले. "एक, दुखापतग्रस्त खेळाडूला केंद्राचा नियम शिथिल करा. सगळे सुसंस्कृत देश करतात. अहवालाच्या नवव्या पानावर मी दरवर्षी लिहिते."

"नियम म्हणजे नियम, मॅडम. उद्या प्रत्येकीचं काही ना काही दुखेल."

"मग दुसरा. अहवालासाठी यादी घ्यायची ती एक सोमवार आधीची घ्या. त्या दिवशी तिचे गुण गळलेले नसतील. ती त्र्याण्णवावी असेल, तुमचे चार शाबूत राहतील, केंद्रही तिला मिळेल. फक्त सभेच्या दिवशीची यादी घ्यायची ही आपलीच प्रथा आहे, कुठल्या कायद्यात नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग अत्यंत दुखावलेल्या आवाजात ते म्हणाले, "प्राध्यापकबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आकड्यांशी खेळ करायचा? आपण जगाला काय तोंड दाखवणार?"

सचिवांनी मान हलवली.

पारपत्र शालीसारखे पांघरवणाऱ्या या गृहस्थांच्या ठायी सत्याविषयी इतकी कोवळीक असेल, याची मला कल्पना नव्हती. तारीख सात दिवसांनी मागे नेणे म्हणजे भ्रष्टाचार. बावीस वर्षांच्या मुलीची शिर फाडून घेणे म्हणजे प्रामाणिकपणा. नीतिशास्त्रावरची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. त्यांतली एकही अशा माणसासमोर बसून लिहिलेली नाही, हे त्या दिवशी कळले.

"आणि हे पाहा," अध्यक्ष उठत म्हणाले, "आम्ही कुठे जबरदस्ती करतोय? पोरगी जिद्दीची आहे. तिला खेळायचंच आहे. विचारा तिला."

हेच त्यांचे खरे कौशल्य होते. दार एकच उघडे ठेवायचे आणि त्यातून जाणाऱ्याच्या इच्छास्वातंत्र्याचे कौतुक करायचे.

स्पर्धा बंदिस्त सभागृहात होती. पहिला सामना भिंगरीने डाव्या हाताला रजा देऊन जिंकला. बॅकहँडच्या बाजूला आलेला प्रत्येक चेंडू ती एकट्या उजव्या हाताने खालून कापत होती. चेंडू जमिनीलगत, नाखूश, सरपटत पलीकडे जाई आणि तिची प्रतिस्पर्धी वैतागून तो जाळ्यात मारी. माझ्या शेजारी बसलेले भाऊजी प्रत्येक फटक्यागणिक स्वतःचे डावे मनगट उजव्या हाताने घट्ट धरत होते. त्यांना ते ठाऊक नव्हते. ताई आली नव्हती. दंतवैद्याकडे खूप गर्दी आहे, असे तिने सांगितले होते. दवाखाना त्या दिवशी बंद होता.

दुसऱ्या सामन्यातली मुलगी हुशार निघाली. पहिला सेट हरल्यावर तिने काय ते ओळखले, आणि मग तिने सगळे चेंडू डावीकडे मारायला सुरुवात केली. त्यात तिचा दोष नाही. दुखऱ्या जागी मारणे हाच हा खेळ आहे. दुसरा सेट तिने घेतला. तिसऱ्यात भिंगरी कापत राहिली, धावत राहिली, आणि कशीबशी विजयाच्या एका गुणापाशी येऊन पोचली. त्या गुणावर चेंडू डाव्या कोपऱ्यात उंच उसळून आला. तो कापण्यासारखा नव्हता. दोन्ही हातांनी मारायचा किंवा सोडून द्यायचा.

तिने डावा हात रॅकेटच्या मुठीवर ठेवला.

चेंडू रेषेला लागून गेला. सभागृह उठून उभे राहिले. मानाच्या रांगेत अध्यक्षांनी सचिवांना मिठी मारली. रॅकेट जमिनीवर पडली होती आणि भिंगरी आपल्या डाव्या हाताकडे पाहत होती, एखादा अनोळखी माणूस न विचारता घरात येऊन बसावा तशी. हस्तांदोलनासाठी जाळ्यापाशी आलेली ती दुसरी मुलगी तिचा चेहरा पाहून थबकली, आणि जाळ्याला वळसा घालून अलीकडे आली. भिंगरीची पिशवी तिने उचलून घेतली. त्या सबंध सभागृहात भिंगरीच्या उपयोगाची कृती करणारी ती एकटी; तिचा देश आमच्या फलकावर अकरावा होता.

शिर तुटली होती. शल्यविशारद बाईंनी सांगितल्याप्रमाणे शिवली. उपांत्यपूर्व फेरीचा सामना समोरच्या मुलीला न खेळताच मिळाला. पण दोन सामन्यांचे गुण खात्यात पडले होते, आणि सोमवारी भिंगरी अठ्ठ्याण्णवावी होती.

त्या सकाळी सचिवांचा फोन आला. भिंगरीला घरी न्यायला मी रुग्णालयाच्या मार्गिकेत उभी होते.

"मॅडम, अभिनंदन! चार! आणि ऐकलंत का, शेजारी दोनवर आलेत!"

"दोनवर?"

"हो ना! चाराचे दोन! एकदम आपटले!"

"कसे?"

"अहो, त्यांच्या दोघी शेवटचा महिनाभर खेळल्याच नाहीत. एकीचा घोटा, एकीचा खांदा. महासंघानंच हंगाम बंद करायला लावला म्हणे, ऑपरेशन करून घ्या म्हणाले, नंबर गेला तर गेला." ते खुदखुदले. "वेडे आहेत का हो ते लोक? आयतंच आपल्याला दिलं."

भिंगरीला वगळून मी वजाबाकी केली. तीन विरुद्ध दोन. भिंगरी घरी झोपून राहिली असती, तरीही अध्यक्षांचा देश पुढे होता.

"सचिवसाहेब, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"कुणकुण तशी आधीच होती. पण अध्यक्ष म्हणाले, भरवसा काय धरायचा? आपल्या बाजूनं कसर नको." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अहवालात एक परिच्छेद वाढवाल का? 'शेजाऱ्यांच्या घसरणीची कारणे' असा. सभेत तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडून वजन येईल."

माझ्या वजनाविषयी त्या महिन्यात दुसऱ्यांदा बोलले जात होते. मी होकार दिला.

संध्याकाळी सभेचे सभागृह भरले होते. फलकावर आमचा चार नेहमीपेक्षा मोठा केला होता. भिंगरीला पहिल्या रांगेत बसवले होते. हात गळ्यात, कोपरापर्यंत पांढरा. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला ताई. ताईने येण्यास नकार दिला होता आणि मग सर्वांच्या आधी तयार होऊन दारात उभी राहिली होती.

मी अहवाल उचलला, पण त्यातली मैदाने आणि प्रशिक्षक वगळले. थेट मागितलेला परिच्छेद वाचला.

"शेजाऱ्यांच्या घसरणीची कारणे," मी वाचले. "कारण एकच आहे. त्यांच्या दोन खेळाडूंना दुखापत झाली, आणि त्यांच्या महासंघाने त्यांना घरी पाठवले. त्यांना सांगितले की तुमचा क्रमांक जाईल, तुमचे केंद्र जाणार नाही. वैद्यकीय अंदाजानुसार दोघीही पुढल्या हंगामात खेळतील. आमची आघाडी एका खेळाडूमुळे दुप्पट झाली आहे. तिच्यावाचूनही ती होतीच. ती खेळाडू यापुढे डाव्या हाताने चमचा धरू शकेल. महासंघाने तिला एक आठवडा देण्याचे नाकारले, कारण आकड्यांशी खेळ करणे अध्यक्षांच्या तत्त्वांत बसत नाही. तुलना संपली. माझा राजीनामा या पानाच्या मागे आहे."

मला वाटले होते, मी काहीतरी केले आहे.

अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक माझ्या हातातून अतिशय आदराने काढून घेतला. "मित्रहो," ते म्हणाले, आणि त्यांचा कंठ दाटून आला. खरोखर दाटून आला, हे मी अभ्यासक म्हणून नोंदवते. "बाईंचं दुःख आपण समजू शकतो. ती त्यांची भाची आहे. पण त्यांना कल्पना नाही, त्यांनी केवढी मोठी गोष्ट सांगितली. दुसऱ्यांच्या मुली घरी गेल्या. आमची मुलगी मैदानात उभी राहिली! आमच्या मुलीनं देशाला आपला हात दिला!"

सभागृह उभे राहिले. टाळ्यांचा असा कडकडाट मी त्या इमारतीत कधी ऐकला नव्हता. लोक भिंगरीकडे वळून, तिच्या तोंडाकडे पाहून टाळ्या वाजवत होते. काहींचे डोळे पाणावले होते. माझ्या सगळ्या वाक्यांचा, त्यांच्या नेमक्या धारेचा, त्या माणसाने एका श्वासात हार करून आपल्याच गळ्यात घातला होता.

भिंगरी उठली. लोकांना वाटले ती वंदन करणार, म्हणून टाळ्या वाढल्या. ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढून अध्यक्षांसमोर आली आणि टाळ्या थांबेपर्यंत थांबली.

"मी दिला नाही," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक अध्यक्षांच्या हातातच होता, त्यामुळे तिचे बोलणे साऱ्यांना ऐकू गेले. "तुम्ही घेतलात. माझं नाव त्या आकड्यातून काढा."

अध्यक्ष वडीलकीने हसले. "पोरी, अगं ते कसं काढणार? क्रमवारी जगाची असते. तू न खेळताही तुझे गुण वर्षभर टिकणार. दर सोमवारी थोडे थोडे गळतील, मग आपोआप जाईल नाव. तोवर तू आमचीच!"

"क्रमवारी जगाची," भिंगरी म्हणाली. "फलक तुमचा आहे."

सचिवांनी, सवयीने, मान हलवली. मग घाबरून थांबवली.

"त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव लागतो," अध्यक्ष म्हणाले. हसू अजून जागेवर होते, डोळे नव्हते. "नियम म्हणजे..."

"चल गं," पहिल्या रांगेतून ताईचा आवाज आला. रुग्णांची नावे पुकारणारा, दोन भिंतींपलीकडे पोचणारा आवाज. "ह्यांच्याशी कसलं बोलत बसलीस? ह्यांना दोन दिवस नुसतं दाढ दुखत बसवून ठेवलं पाहिजे."

कुणीतरी हसले, आणि त्या हसण्याने मघाच्या टाळ्यांचा मुलामा किंचित उडाला. किंचितच. आम्ही चौघे मधल्या वाटेने बाहेर पडलो. दोन्ही बाजूंची माणसे सरकून जागा देत होती, आणि एक बाई भिंगरीच्या पांढऱ्या हाताला श्रद्धेने स्पर्श करायला पुढे झाली. ताईने तिचा हात बाजूला सारला.

भाऊजींच्या गाळ्यात यंत्रावर शेवटच्या सामन्यातली रॅकेट अडकवलेली होती. एक तार तुटली होती. तारेचा ताण एकीकडून गेला की चौकट वाकडी होते, म्हणून भाऊजींनी कात्री घेऊन उरलेल्या सगळ्या तारा कापायला घेतल्या. प्रत्येक तार तुटताना टणकन वाजत होती. ते सावकाश कापत होते, पण दात आवळलेले होते.

"मावशी," भिंगरी म्हणाली. उजव्या हाताने ती मोकळी चौकट उचलून बॅकहँडच्या बाजूला फिरवून पाहत होती, एकट्या हाताने, कंबरेतून. पहिल्यांदा ती डगमगली. दुसऱ्यांदा कमी. "एका हाताचा बॅकहँड शिकायला किती वर्षं लागतात?"

"मला माहीत नाही."

"तुझ्या कुठल्या पुस्तकात नाही?"

"नाही."

"शून्यापासून खेळावं लागेल. नंबरच नसेल." चौकट पुन्हा हवेतून गेली. "एक कर. कुठेही, कोणासाठीही देशांचा तक्ता केलास, तर मला त्यात धरू नकोस. कितवीही आले तरी."

मी कबूल केले.

महासंघाचा तो फलक खिडकीतून रस्त्यावर दिसतो. विद्यापीठात जाताना मी अजूनही त्याच वाटेने जाते. दर सोमवारी भिंगरीचे थोडे गुण गळतात आणि ती खाली सरकते, एकशेतिसावी, एकशेसाठावी. ठरावाची गरज कार्यकारिणीला अजून वाटलेली नाही. आकडा चारच आहे.